माझ्या शीटमधला समुद्र

आज सकाळी मुग्धा तिच्या कढीपत्त्याची कुंडी आणून माझ्या डेकवर, घरामागच्या लाकडी ओट्यावर, ठेवून गेली. गाडीच्या उघड्या खिडकीतून झाडाचा शेंडा बाहेर आलेला, आणि ती एका हाताने तो सांभाळत गाडी लावतेय. "तीनच आठवडे गं," म्हणाली, "एक दिवसाआड पाणी घाल." ती पोर्तुगालला निघाली आहे. मी हसून "मजा करा" म्हटलं, कुंडी उन्हाच्या कोपऱ्यात सरकवली, आणि पोटात एक ओळखीची कळ येऊन गेली. ती दर जूनमध्ये येते. मला आता तिची सवय झाली आहे.

जून हा आमच्या पार्सिपनीत, अमेरिकेतल्या या गावात, कुंड्यांच्या पाठवणीचा महिना. हिवाळाभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी अंग चोरून बसलेल्या तुळशी, कढीपत्ते, गवती चहा मे महिन्यात बाहेर काढायचे. दोन-तीन आठवड्यांत ऊन खाऊन त्यांना नवी पानं फुटायला लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी शाळा संपतात. मालक मंडळी विमानात बसतात. मग जे कुठेच जाणार नसतात त्यांच्या डेकवर या कुंड्या येऊन पडतात. कुणाला तसं विचारावं लागत नाही. कोण कुठे चाललंय आणि कोण इथेच आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

चार वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये माझ्या डेकवर अकरा परक्या कुंड्या होत्या. खुर्ची ठेवायला जागा उरली नव्हती. हातात नळी घेऊन मी रोज सकाळी त्या अकरा जणींना आंघोळ घालायचे, आणि मनातल्या मनात एकेकीच्या मालकिणीचं नाव घेऊन हिशेब लावायचे: ही इटलीत, ही अलास्कात, ही नाशिकला आईकडे. अकराव्या कुंडीपाशी, म्हणजे मुग्धाच्या कढीपत्त्यापाशी आलं की नळीची धार आपोआप बारीक व्हायची. कारण मुग्धा तेव्हा ग्रीसला होती, आणि ती सहल माझी होती.

माझी म्हणजे अक्षरशः माझी. आम्ही दोन कुटुंबं मिळून जाणार होतो, आणि सगळं मी ठरवलं होतं. आमच्या लोकांत सहलीला आधी जागा लागत नाही, शीट लागते. कॉम्प्युटरवर ओळी आणि रकाने आखून त्यात विमानं, बोटी, राहण्याच्या जागा, कुठे किती वाजता पोचायचं, जवळ शाकाहारी काय मिळतं, मुलांना शू कुठे करता येईल, इथपर्यंत सगळं. अशी एक चांगली शीट तयार झाली की ती वर्षानुवर्षं या घरातून त्या घरात फिरत राहते. माझी शीट शहाण्णव ओळींची होती. मी नोकरीही तीच करते. इतरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. त्यामुळे माझ्या शीटवर लोकांचा देवाइतका विश्वास, आणि माझा देवापेक्षा थोडा जास्त.

त्या शहाण्णव ओळींमधल्या पंच्याण्णव कुणीही लिहिल्या असत्या. एक ओळ माझी होती. एका लहानशा बेटाच्या मागच्या अंगाला एक जुनं, मोडून पडलेलं बंदर आहे. फार प्रसिद्ध नाही. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी तिथे माणसं राहायची, गलबतं लावायची, तेलाचे रांजण उतरवायची. आता घरांचे नुसते चौथरे उरलेत, पाच-सहा तुटके खांब, आणि दगडी पायऱ्या, ज्या उतरता उतरता समुद्रात शिरतात. त्या पायऱ्यांशेजारी हाताच्या ओंजळीएवढा किनारा. तिथे जायला त्या भग्न गावातूनच वाट आहे. कुठल्याशा गिर्यारोहकाच्या फोटोत मला तो दिसला आणि मी महिनाभर रोज जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरवर तिथे जात राहिले. कुठे अंजिराचं झाड आहे, कुठली पायरी तुटलीय, मला पाठ झालं.

बेटाचं नाव मी सांगणार नाही. इतकं सगळं झाल्यावरसुद्धा माझं मन तेवढं मोठं झालेलं नाही.

त्या ओळीत मी लिहिलं होतं: 'दुपारी अडीच, पोचणे. अडीच ते आठ, काहीही न करणे.' सबंध शीटमध्ये ही एकच ओळ अशी होती की जिच्यात काही करायचं नव्हतं. मिलिंद, माझा नवरा, वाचून हसला होता. "साडेपाच तास? तुला जमेल?" मी म्हटलं, "तेवढ्यासाठी तर चाललोय." चौदा वर्षं झाली होती आम्हाला या देशात. या चौदा वर्षांत साडेपाच तास सलग काही न केल्याचं मला आठवत नव्हतं. आजारपणातसुद्धा मी कपड्यांच्या घड्या घातल्या आहेत.

एप्रिलमध्ये मिलिंदची कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली आणि त्याचा सबंध विभाग बंद झाला. नशिबाने तीन आठवड्यांत नवी नोकरी मिळाली, पण व्हिसाचे कागद नव्या कंपनीच्या नावाने पुन्हा दाखल करावे लागले. वकीलबाई फोनवर फार गोड आवाजात म्हणाल्या की कागद हातात येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका, परत येताना अडचण होऊ शकते. मी विचारलं, साधारण कधी येतील? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. फोन स्पीकरवर होता आणि आमची सई, तेव्हा अकरा वर्षांची, कॉर्नफ्लेक्स खात होती. "सो वुई आर नॉट गोइंग?" तिने विचारलं. मग तिने बाऊल सिंकमध्ये नेऊन ठेवला, न सांगता धुतलासुद्धा. मला तिथे रडू आलं.

मुग्धाला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "मग आम्ही पण कॅन्सल करतो."

"वेडी आहेस का? जा तुम्ही."

"अगं पण तुझ्याशिवाय..."

"शीट आहे ना," मी म्हटलं. "सगळं लिहिलंय. जा."

मनाचा मोठेपणा दाखवण्यात एक धोका असतो. समोरचा माणूस तो खरा मानतो. मुग्धाने मानला आणि ती गेली.

मत्सर या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे, कारण त्या उन्हाळ्यात मला दुसरं काही काम नव्हतं. समुद्रकाठी बंगले असणाऱ्या माणसांचा मला कधी हेवा वाटला नाही. ती माणसं माझ्या लेखी टीव्हीत राहतात. हेवा वाटायला माणूस आपल्याच मापाचं असावं लागतं. मुग्धा पुण्याची, मी नागपूरची, पण आम्ही अमेरिकेत आलो एकाच वर्षी, उतरलो एकाच अपार्टमेंटमध्ये. तळघरातल्या लॉन्ड्रीत आमची ओळख झाली. दोघींकडे सारख्याच निळ्या बादल्या होत्या. दोघींना थंडीत सारखंच रडू यायचं. फरक एवढाच की तिच्या नवऱ्याच्या, शेखरच्या, कंपनीने ग्रीन कार्डचा अर्ज भरला तो आमच्या चौदा महिने आधी. चौदा महिने! मधल्या काळात नियम बदलले, रांग लांबली, आणि त्या चौदा महिन्यांचं बघता बघता इतकं झालं की तिच्या पर्समध्ये अमेरिकेचा निळा पासपोर्ट आणि माझ्याकडे वकीलबाईंचा गोड आवाज. ती माझ्याहून हुशार नाही. सुगरण तर मुळीच नाही, तिच्या पुरणपोळ्या अजून फुटतात. हे मी लिहिते आहे यावरूनच कळेल की ती कळ किती खोल गेली होती.

ग्रीसहून फोटो यायला लागले. मुग्धा मनाची इतकी सरळ की प्रत्येक फोटोखाली माझ्या ओळीचा नंबर टाकायची. 'बारा नंबर, सेम टू सेम!' 'वैशू, तीस नंबरचं दही, आई गं!' मी इथे नळी धरून उभी. मग एका सकाळी एकेचाळीस नंबर आला. माझी ओळ. चौदा फोटो. पांढरे चौथरे, तुटके खांब, अंजीर, पायऱ्या, आणि तो समुद्र. हिरवा नाही, निळा नाही. काचेच्या बरणीतून पलीकडचं दिसावं तसा तळाचा एकेक गोटा दिसणारा. मुग्धा पायरीवर बसून हसतेय. शेवटी संध्याकाळचा एक फोटो, दूरवर पाणी तांबूस झालेलं. खाली लिहिलं होतं, 'अगदी तू लिहिलंस तसं.'

मी फोन पालथा ठेवला आणि तिच्या कढीपत्त्याचा डहाळा ओरबाडला. खोटं कशाला सांगू? त्या दिवशी आमटीला पानं हवी होती हे खरं, पण आमटीला सहा पानं लागतात. दुसऱ्या दिवशी उपमा, तिसऱ्या दिवशी चिवडा. जूनच्या उकाड्यात कुणी चिवडा करतं का? मी दोनदा केला. ती परत येईपर्यंत त्या झाडाच्या नुसत्या काड्या राहिल्या होत्या. मुग्धा कुंडी न्यायला आली, झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "बरं केलंस कटिंग केलंस. आता जोमाने फुटेल." आणि मेलं फुटलं की! सप्टेंबरपर्यंत पार्सिपनीत त्याच्यासारखा कढीपत्ता नव्हता.

मी तिला एकदाच विचारलं, "काय केलंत तिथे एवढा वेळ?" ती काकडी कोचवत होती. मान वर न करता म्हणाली, "काही नाही गं. तू लिहिलं होतंस तेच." मला ते पाच-साडेपाच तास दिसले. खांबाची सावली हळूहळू लांबतेय, पाणी पायऱ्यांना चाटतंय, आणि ती काहीही करत नाहीये. माझं काहीही न करणं ती करून आली होती.

ऑगस्टमध्ये एका घरच्या अंगणात सगळे जमलो होतो. शेगडीवर कणसं भाजली जात होती, टेबलावर बटाटेवडे, आणि मुलं बागेतल्या फवाऱ्यात भिजत होती. दक्षिणेतल्या अल्फारेटा गावाहून नवीनच इकडे आलेली अदिती नावाची मुलगी प्लेट घेऊन माझ्याजवळ बसली. "ताई, आम्ही मे महिन्यात ग्रीस प्लॅन करतोय. सगळे म्हणतात तुमची शीट बेस्ट आहे. तुम्ही कधी गेला होतात?"

"ह्याच जूनमध्ये," मी म्हटलं.

तोंडातून गेलं. 'गेलो नाही, कागद अडकले' हे त्या उन्हाळ्यात मी इतक्यांदा सांगितलं होतं आणि इतक्या 'अरेरे' गोळा केल्या होत्या, की मला त्या मुलीकडून आणखी एक नको होती. आणि एकदा 'गेलो' म्हटल्यावर पुढचं सगळं बिनबोभाट येत गेलं. मी तिला वाट सांगितली, अंजिराचं झाड सांगितलं, तुटकी पायरी सांगितली. "दुपारी जा गं, घाई नको. संध्याकाळी सातच्या सुमाराला त्या पाण्यावर जे ऊन येतं ना..." मी हाताने ऊन दाखवलं. ते मला खरंच दिसत होतं. मान वळवली तर मागे मुग्धा श्रीखंडाचं भांडं घेऊन उभी. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. ती काही बोलली तर संपलं, असं वाटलं. तिने माझ्या ताटलीत श्रीखंड वाढलं, अदितीच्या वाढलं, आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

कुणाला वाटेल, मला हायसं वाटलं असेल. छे. तिने मला वाचवलं याचाच मला राग आला. तिच्याकडे निळा पासपोर्ट होता, समुद्र होता, जोमाने फुटणारा कढीपत्ता होता, आणि आता वर हेही, चारचौघांत माझी अब्रू राखल्याचं पुण्य. मी त्यानंतर महिनाभर तिच्याकडे गेले नाही. काही ना काही कारण काढलं.

पुढच्या मेमध्ये अदिती जाऊन आली आणि आभार मानायला पेढ्यांचा डबा घेऊन आली. "ताई, काय जागा आहे! आम्ही सकाळी आठलाच गेलो, मुग्धाताईंनी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं. फक्त आम्ही दोघंच होतो, यार!" मी पेढा तोंडात घातला तो तोंडातच राहिला. मुग्धाने माझ्या शीटमध्ये बदल केला होता. माझ्या एकेचाळीस नंबरमध्ये. मला न विचारता. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या पेढ्याबरोबर कळलं. मी मिलिंदला म्हटलं, "एकदा जाऊन आली तर मालकीणच झाली." तो म्हणाला, "सकाळी उकाडा कमी असेल, म्हणून सांगितलं असेल." नवरे असंच बोलतात.

आमचं ग्रीन कार्ड दीड वर्षापूर्वी आलं. एवढ्याशा पाकिटात. मी ते उघडून पहिल्यांदा काय केलं असेल, तर शीट उघडली. तारखा बदलल्या, विमानं बदलली. एकेचाळीस नंबरला हात लावला नाही. निघायच्या आदल्या दिवशी माझी तुळस आणि माझा कढीपत्ता मुग्धाकडे पोचवायला गेले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कुंड्या दुसऱ्याच्या डेकवर चालल्या होत्या. मी मुद्दाम हळू चालले. दारात ती म्हणाली, "वैशू, त्या बीचला सकाळी जा हं. अर्ली जा. नक्की."

"बघू," मी म्हटलं. मनात म्हटलं, तुला साडेपाच तास मिळाले, आणि मला सकाळी पाठवतेस होय?

गेल्या वर्षीचा तो जून. बेटावर उतरलो तेव्हा हवेला ओव्याचा वास होता. खरं तर तो ओवा नव्हता, दगडांच्या फटीतून उगवणारं कुठलंसं रानटी झुडूप होतं, पण मला ओवाच आठवला. रातकिडे भर दुपारी किरकिरत होते. दुरून बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा. एकेचाळीस नंबरच्या दिवशी आम्ही सकाळ आरामात घालवली, मोठ्या चवीने जेवलो. मिलिंद दोनदा घड्याळ बघून म्हणाला, "निघू या का?" मी म्हटलं, "शीटप्रमाणे." अडीचच्या ठोक्याला आम्ही त्या भग्न गावाच्या फाटकापाशी पोचलो. लाकडी खोपट, त्यात विणकाम करत बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई. त्यांनी आमच्याकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि तीन बोटं वर केली.

"थ्री. फिनिश."

मला वाटलं तीन तिकिटं म्हणतायत. मी मान डोलावली. त्यांनी पुन्हा घड्याळ दाखवलं, मग दोन्ही हातांनी दार लावल्याची खूण केली. सईला आधी कळलं. "मम्मा, इट क्लोजेस ॲट थ्री."

"आठला बंद होतं," मी म्हटलं. "शीटमध्ये आठ आहे." आणि फोनवर शीट उघडून त्या बाईंच्या नाकासमोर धरली. मराठी-इंग्रजीतली माझी शीट! त्यांनी चष्मा लावून ती नीट बघितलीसुद्धा, आणि समजूत घालावी तसं पुन्हा म्हणाल्या, "थ्री."

मी चाळीस नंबरची ओळ बघितली. मोठ्या बेटावरचं प्रसिद्ध ठिकाण, ते आठला बंद होतं. खाली एकेचाळीसलाही आठ. मग सगळं लख्ख दिसलं. वरचा आकडा कोपऱ्याला धरून खाली ओढला की तो खालच्या ओळीत आपोआप उतरतो. आम्ही दिवसातून शंभरदा करतो ते. माझं बोट एक घर जास्त खाली आलं होतं. लोकांच्या अशा चुका शोधायचा मला पगार मिळतो.

आम्ही धावलो. त्या अडीच हजार वर्षांच्या गावातून, कशाकडेही न बघता, चपला वाजवत धावलो. अंजिराचं झाड मागे गेलं, चौथरे गेले, आणि समोर एकदम ते आलं. पायऱ्या, गोटे, पाणी. कुणी म्हणजे कुणी नाही. इतकी शांतता की पाण्याखाली गोटे एकमेकांवर घासल्याचा आवाज ऐकू यावा. मी पायरीवर बसले. दगड तापलेला होता. तो चटका मला कुठल्या फोटोत दिसला नव्हता. हातात दहा मिनिटं होती.

त्या दहा मिनिटांतही मी काय करावं? फोनवर मुग्धाचे जुने फोटो उघडले. तुलना करायला. माझं कसं झालं, तिचं कसं झालं होतं. पहिला फोटो. तुटक्या खांबाची बुटकी सावली तिसऱ्या पायरीवर. मी वर बघितलं. सावली तिसऱ्या पायरीवर. दुसरा फोटो, तिसरी पायरी. नववा, तिसरी. तेरावाही. तिची दोन्ही मुलं पाण्याच्या काठावर, पायात बूट. कुणाचे केस ओले नाहीत. टॉवेल नाही कुठे. मुग्धाचं तोंड लालबुंद, धावून आल्यासारखं. आणि चौदावा, संध्याकाळचा, त्यात खालच्या कोपऱ्यात बाल्कनीच्या कठड्याचा तुकडा. तीन वर्षांत मी ते फोटो किती वेळा बघितले असतील! एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मी तिचं सुख शोधत होते, आणि जे शोधतो तेवढंच दिसतं.

वरून घंटा वाजली. आम्ही परत चढलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची बोट होती. माझ्या शीटमध्ये मोकळा दिवस कधीच नसतो.

फाटकाबाहेर खोपटाच्या सावलीत उभं राहून मी मुग्धाला फोन लावला. तिच्याकडे सकाळचे आठ वाजलेले. मागे नळीच्या पाण्याचा आवाज येत होता. माझ्या कुंड्यांना पाणी घालत होती.

"तीनला बंद होतं," मी एवढंच म्हटलं.

नळी बंद झाली. "सकाळी जा म्हटलं होतं ना तुला!"

"मला वाटलं तू शहाणपणा शिकवतेयस."

"ते वाटलंच मला."

"तुम्हाला किती मिनिटं मिळाली?"

"पंधरा मिनिटं असतील. शेखरने गाडीत माझं डोकं खाल्लं, तुझी मैत्रीण नि तिची शीट म्हणून."

"मग त्या वेळी सांगितलं का नाहीस?"

तिने नळी खाली ठेवली. मग म्हणाली, "अगं, त्या उन्हाळ्यात तुझं काय चाललं होतं ते बघत होते ना मी. मिलिंदची नोकरी, ते पेपर्स. तुम्ही कुणाकडे जात नव्हता. तुझ्याकडे आनंदाने सांगण्यासारखी ती एक शीट होती. ती पण चुकली म्हणून तुला आयलंडवरून मेसेज करू? काय बोलतेस यार."

"आणि त्या दिवशी, अदितीला मी..."

"काय अदितीला? मला नाही आठवत." आठवत होतं. तिच्या आवाजात ते स्वच्छ ऐकू आलं. तिने नळी पुन्हा सुरू केली. "तुझा कढीपत्ता मस्त आहे बरं का. एक पान तोडलेलं नाही मी."

मी त्या तापलेल्या रस्त्यावर, दोन परक्या बकऱ्यांसमोर, हसत हसत रडले. तीन वर्षं मी तिच्या साडेपाच तासांवर जळले होते, आणि ते कधी नव्हतेच. तिने मात्र तेवढी सगळी वर्षं माझी चूक पोटात ठेवली, माझा खोटेपणा पोटात ठेवला, बोडका कढीपत्ता उचलून घरी नेला, आणि माझ्या शीटवर विसंबून कुणाची वाट चुकू नये म्हणून एकेकाला फोन करत राहिली. माझ्याने हे तीन दिवससुद्धा निभलं नसतं. म्हणजे हेवा संपला असं नाही. फक्त आता तो कशाचा करायचा ते मला नीट कळलं आहे, आणि ती गोष्ट कुठल्या पासपोर्टवर मिळत नाही.

पोर्तुगालची शीट यंदा तिने मलाच करायला सांगितली. "मला तुझ्याशिवाय जमत नाही," म्हणाली. एकेका जागेची बंद व्हायची वेळ मी तीन-तीनदा तपासली आहे आणि प्रत्येक आकडा हाताने टाकला आहे. नववी ओळ लिहून झाल्यावर वाटलं, हे सगळं पुन्हा तीच बघणार. वाटलं ते वाटलं. एक मोकळा दिवस मात्र तिच्या शीटमध्ये मी घातला आहे. त्यापुढे लिहिलंय, 'काहीही न करणे.'

दुपारी वरण फोडणीला टाकताना पानं नव्हती. डेकवर गेले. माझं झाड आणि तिचं झाड शेजारी शेजारी. सहा पानं तोडली, माझ्याच झाडाची.

बेटाचं नाव सांगणार नाही म्हटलं, ते अजूनही सांगणार नाही. पण तुमचं तुम्ही शोधून कधी तिथे पोचलात, तर सकाळी जा. फाटक तीनला बंद होतं.